‘बाजीराव मस्तानी’ ते रावेरखेडी : इंदूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट २०१५ चा. पण टीव्हीवर पुन्हा लागला, किंवा सुट्टीत घरच्यांनी मिळून पाहिला, की आमच्याकडे तेच प्रश्न नव्याने येतात. नर्मदाकाठच्या रावेरखेडीला थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. इंदूरहून तिथे जाणाऱ्यांना आम्ही रस्ता सांगतो, म्हणून लोक रस्त्याबरोबर बाकीचंही विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा चित्रपट नेमका कशावर आधारलेला आहे?

ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या मराठी कादंबरीवर. दिग्दर्शक संजय लीला भन्साळी. १८ डिसेंबर २०१५ ला तो प्रदर्शित झाला. रणवीर सिंग बाजीराव, दीपिका पदुकोण मस्तानी, प्रियांका चोप्रा बाजीरावांची पहिली पत्नी काशीबाई, तन्वी आझमी त्यांच्या आई राधाबाई आणि वैभव तत्ववादी धाकटे भाऊ चिमाजीअप्पा. दिग्दर्शनासाठी आणि तन्वी आझमींच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते आमच्या मते योग्यच होते. केशवपन केलेल्या राधाबाईंचा करारीपणा त्यांनी ज्या ताकदीने उभा केला, त्याला तोड नाही.

२. मग हा इतिहास समजायचा की कल्पित गोष्ट?

कल्पित गोष्ट, पण खऱ्या माणसांची. इतिहासावरून कादंबरी झाली, कादंबरीवरून पटकथा झाली आणि पटकथेवर भव्य नेपथ्य, नाच आणि संवाद चढले. दर पायरीला कल्पना वाढत गेली. बाजीराव होता, मस्तानी होती, दोघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम होतं आणि घरच्यांना ते मान्य नव्हतं, एवढा गाभा पक्का आहे. दोघं काय बोलले, कुठे भेटले, कुणी कुणाकडे कसं पाहिलं, हे सगळं कलावंतांनी रचलेलं आहे. तसं रचण्याचा त्यांना हक्क आहे. पाहणाऱ्याने कुठला भाग कुठला हे ओळखावं, इतकंच आमचं म्हणणं. पुढची बहुतेक उत्तरं त्याचसाठी आहेत.

३. मस्तानी खरंच होती का? राजकन्या होती की नर्तकी?

होती, यात शंका नाही. पेशव्यांच्या कागदपत्रांत तिचं नाव येतं, तिच्या मुलाचा वंश पुढे चालला आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला तिची कबर आहे.

कोण होती, यावर मात्र एकमत नाही. बुंदेलखंडात सांगतात की ती महाराज छत्रसालांची मुसलमान पत्नीपासून झालेली मुलगी, प्रणामी पंथात वाढलेली. महामती प्राणनाथ हे छत्रसालांचे गुरू. कृष्णभक्ती आणि कुराण दोन्हींचा आदर करणारा हा पंथ. ज्या मुलीला नमाजही ठाऊक होता आणि कृष्णाची पदंही, ती कशी घडली असेल, हे या परंपरेतून चांगलं उलगडतं. दुसऱ्या बाजूला काही बखरी आणि दंतकथा तिला दरबारातली नर्तकी म्हणतात. चित्रपटाने राजकन्येची बाजू घेतली आहे.

तिला गाणं, नाचणं, घोडेस्वारी येत होती असं परंपरा सांगते. तिने विडा खाल्ला की गळ्यातून उतरणारा लाल रस दिसे, ही गोष्ट आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली आहे. ती दंतकथा म्हणूनच जपावी. तिच्याबद्दल कागदांत आहे ते इतकं थोडं, आणि तेही बहुतांशी तिच्यावर नाराज असलेल्यांच्या बाजूने, की तिचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही. चित्रपटाने तिला बोलतं केलं, हे आम्हाला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. ते बोलणं कल्पित असलं तरी.

४. छत्रसालांच्या मदतीला बाजीराव धावून गेले, हे खरं का?

अगदी खरं. मोगलांचा सरदार महंमदखान बंगश याने बुंदेलखंडावर स्वारी केली आणि जैतपुरात छत्रसाल अडकले. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात. त्यांनी बाजीरावांना पाठवलेला दोहा पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, थोड्याफार पाठभेदाने:

जो गति ग्राह गजेंद्र की, सो गति भई है आज।
बाजी जात बुंदेल की, राखो बाजी लाज।।

मगरीने पाय धरलेल्या हत्तीसारखी अवस्था झाली आहे, बुंदेल्यांची बाजी हातातून चालली आहे, बाजीरावा, लाज राख. मार्च १७२९ मध्ये बाजीराव तिथे पोचले, बंगशाची रसद तोडली आणि शेवटी त्याला माघार घ्यायला लावली. छत्रसालांनी त्यांना मुलासारखं मानून राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. सागर, काल्पी, झाशी या बाजूला मराठी सत्ता गेली ती या वाटेने. पुढे झाशीत नेवाळकरांचं (राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचं) घर उभं राहिलं, त्याचीही सुरुवात इथे आहे.

चित्रपटात मस्तानी स्वतः चिलखत घालून बाजीरावांच्या छावणीत शिरते आणि मदत मागते. तो प्रसंग पटकथेतला. पडद्यावर तो फार देखणा झाला आहे, पण शाळेच्या वहीत लिहू नये (प्रश्न १६ पाहा).

५. कट्यारीशी लग्न लागतं, अशी पद्धत होती का?

वर हजर नसेल तर त्याच्या तलवारीबरोबर विधी करून वधूला पाठवायची चाल राजपुतांत होती. चित्रपटात बाजीराव जखमी मस्तानीला कट्यार देतात आणि ती त्यालाच लग्न समजते, तो धागा या चालीवरून घेतलेला दिसतो. बाजीराव-मस्तानीच्या बाबतीत असं घडल्याचा पुरावा नाही.

६. शनिवारवाड्यात तो आरशांचा महाल खरंच होता?

पडद्यावर दिसतो तसा नव्हता. तो सेट राजस्थानी शीशमहालांच्या धाटणीचा आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. बाजीरावांच्या काळचा वाडा म्हणजे मराठी पद्धतीचा चौकांचा, लाकडी खांब-तुळयांचा वाडा. दिवाणखाने, कारंजी, रंगवलेली दालनं ही बरीचशी भर पुढच्या पेशव्यांची. वाड्याच्या दालनांत ‘जुना आरसे महाल’ असं नाव येतं खरं, पण त्यावरून हजारो आरशांत एकाच वेळी नाचणारी मस्तानी डोळ्यांपुढे आणू नये. १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं गेलं. उरली तटबंदी, दरवाजे, नगारखाना आणि जोती.

पुण्याला गेलात तर वाड्याचा मस्तानी दरवाजा बघा आणि मग राजा केळकर संग्रहालयात जा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तिथे एक दालन उभं केलं आहे. लाकूड, रंग, छताची उंची, सगळं माणसाच्या मापाचं. सिनेमाच्या महालानंतर ते लहान वाटतं, पण त्या काळच्या घराचा खरा अंदाज तिथेच येतो.

७. काशीबाई आणि मस्तानी एकत्र ‘पिंगा’ नाचल्या, हे शक्य तरी आहे का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच.

नाही, शक्य नाही. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. श्रावणातल्या मंगळवारी नव्या लग्नाच्या मुली पूजा करतात आणि रात्र जागवायला फुगडी, झिम्मा, पिंगा खेळतात. तो बायकांनी बायकांत खेळायचा. पेशव्यांच्या घरची थोरली सून दिवाणखान्यात सगळ्यांसमोर अशी नाचेल, हे त्या घराच्या रीतीत बसत नाही. त्यात काशीबाईंना पायाचं दुखणं होतं. सवतीबरोबर त्या अशा मोकळेपणाने वावरल्याचाही पुरावा नाही. चित्रपट आला तेव्हा महाराष्ट्रात या गाण्यावर रागाची लाट उठली, तिच्या मुळाशी हेच होतं. वेशभूषेवरही आक्षेप होता: नऊवारी अशी नेसत नाहीत, हे आपल्या घरच्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं.

आम्हाला खरं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. काशीबाई चासच्या जोशी सावकारांच्या घरच्या. नवरा सतत स्वारीवर, मुलं वाढवायची, घर सांभाळायचं, त्यात हे दुखणं. बाजीराव गेल्यावर त्यांनी माहेरी चासला १७४९ मध्ये सोमेश्वराचं देऊळ बांधलं. इतक्या भरीव बाईची ओळख लोकांना एका नाचाने व्हावी, हे बरं नाही. प्रियांका चोप्राने नाच सोडून बाकीच्या प्रसंगांत काशीबाईंचं दुःख किती आवरून दाखवलं आहे, ते पुन्हा पाहा. तिथे काशीबाई जास्त जवळच्या वाटतात.

८. ‘मल्हारी’ हे गाणं आपल्या मल्हारराव होळकरांवर आहे का?

नाही. मल्हारी म्हणजे खंडोबा, जेजुरीचा मल्हारी मार्तंड. होळकरांचं कुलदैवत खंडोबाच, त्यामुळे इंदुरात हा गैरसमज सहज होतो. विजयानंतर पेशवा असा नाचेल का, तर नाही.

९. मग इंदूरचा आणि बाजीरावांचा संबंध काय? चित्रपटात माळवा दिसतच नाही.

दिसत नाही, आणि माळव्यात राहणाऱ्यांना ती उणीव बोचणारच. आपण मराठी माणसं इथे पिढ्यान् पिढ्या राहतो त्याची सुरुवातच बाजीरावांपासून होते.

२९ नोव्हेंबर १७२८ ला धारजवळच्या अमझेरा इथे चिमाजीअप्पांनी मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरधरबहादूर आणि त्याचा भाऊबंद दयाबहादूर यांचा पराभव केला. दोघंही मारले गेले. इकडे चिमाजी माळव्यात, तिकडे बाजीराव छत्रसालांकडे निघालेले, असे दोन भाऊ एकाच हिवाळ्यात दोन वाटांनी उत्तरेत उतरले. मग माळव्याचा मुलूख होळकर, शिंदे आणि पवारांत वाटला गेला. मल्हारराव साध्या धनगर घरातले. बाजीरावांनी त्यांच्यातलं पाणी ओळखलं आणि वर आणलं. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली. पुढे बाजीरावांनी भोपाळजवळ निजामाला कोंडून जानेवारी १७३८ मध्ये दुराहा इथे तह करून घेतला. त्यात निजामाने माळवा मराठ्यांना मिळवून द्यायचं कबूल केलं.

राजवाड्यासमोर उभं राहून वर पाहिलं की खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी दिसतात. या वाड्यामागचं राज्य ज्या माणसाने घडू दिलं, त्याची समाधी आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

१०. राधाबाई, चिमाजीअप्पा आणि नानासाहेब खरंच इतके कठोर होते का?

मस्तानीला अडकवून ठेवलं, हे खरं. १७३९ च्या शेवटी आणि १७४० च्या सुरुवातीला बाजीराव स्वारीवर असताना तिला पुण्यात नजरकैदेत टाकलं. बाजीरावांचा थोरला मुलगा नानासाहेब आणि चिमाजी दोघंही त्यात होते.

पण चित्रपट पाहून ही माणसं फक्त दुष्ट होती असं मनात बसतं, ते अन्यायाचं आहे. चिमाजी म्हणजे वसईचा विजेता आणि थोरल्या भावावर जीव टाकणारा. घरात बाजीरावांचा मुलगा रघुनाथराव याची मुंज आणि चिमाजींचा मुलगा सदाशिवराव याचं लग्न ठरलेलं. बाजीराव तिला सोडायला तयार नाहीत, ब्रह्मवृंद अडून बसलेला आणि कुटुंबाची पुण्यात नाचक्की होईल ही धास्ती. राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला गेल्या तेव्हा राजपूत दरबारांनी त्यांचा मोठा सन्मान केला होता. त्यांच्या शब्दाला घराबाहेरही वजन होतं. त्यांचं वागणं आपल्याला पटणार नाही, आम्हालाही पटत नाही. एका निरपराध बाईला कोंडणं हा अन्यायच. तरी तो अन्याय भीतीतून आणि रूढीतून झाला, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट जास्त खरी आणि जास्त दुःखाची होते.

११. बाजीराव शेवटी रावेरखेडीला कशासाठी आले होते?

निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी औरंगाबादच्या बाजूला लढाई झाली. ती चित्रपटातही आहे. २७ फेब्रुवारी १७४० ला मुंगी-पैठणला तह झाला आणि बाजीरावांना हंडिया आणि खरगोन हे नर्मदेकाठचे मुलूख मिळाले. त्यांची व्यवस्था लावायला ते इकडे आले. रावेरखेडी हा नर्मदेचा उतार. दक्षिणेतून माळव्यात जाणाऱ्या फौजा इथून नदी ओलांडत.

इथेच त्यांना ताप भरला आणि २८ एप्रिल १७४० ला ते गेले. वय चाळिशीही पूर्ण नव्हतं. जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. वीस वर्षं पेशवेपद, तीही बहुतेक घोड्यावर. निमाडचा एप्रिल ज्यांनी अनुभवला आहे त्यांना उन्हात, छावणीत तापाने फणफणलेला माणूस कसा गेला असेल ते वेगळं सांगायला नको. पाण्यात उभं राहून भासातल्या स्वारांशी लढणारा बाजीराव ही दिग्दर्शकाची कल्पना आहे.

१२. दोघांनी एकाच क्षणी प्राण सोडला, हे खरं का?

नाही. बाजीराव रावेरखेडीला गेले. मस्तानी त्यानंतर लवकरच गेली आणि पाबळला तिला मूठमाती मिळाली. ती दुःखाने गेली, विष घेतलं की आणखी काही, याची निरनिराळी कथनं आहेत आणि कुठल्याही एकाला भक्कम आधार नाही.

एक गोष्ट चित्रपटाने बरोबर दाखवली आहे. अखेरच्या वेळी काशीबाई रावेरखेडीला होत्या, धाकटा मुलगा जनार्दनही होता. प्रेमकथेत दुसरीकडे लोटली गेलेली बायको शेवटी उशाशी होती. लोक इकडे फारसं लक्ष देत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१३. इंदूरहून रावेरखेडीला कसं जायचं?

गाडीने. खंडवा रोडने सिमरोल, बलवाडा, बडवाह, मग मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडून सनावद. तिथून खरगोनच्या दिशेने बेडियाकडे वळायचं आणि पुढे आत गावाच्या रस्त्याने नदीकडे. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. सिमरोलनंतर घाट आहे. ट्रकांच्या मागे वेळ जातो, तो धरून निघा. बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. हंगामात रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल पट्टेच्या पट्टे दिसतात आणि काच खाली केली की ठसका लागतो.

गावात ‘बाजीराव पेशवा की समाधी’ विचारा, शेंबडं पोरसुद्धा वाट दाखवेल. भोवती कोट आणि मधे साधा दगडी चौथरा. आरसे, झुंबरं, रंग यातलं काही नाही. सिनेमा नुकताच पाहून गेलेले लोक ‘एवढंच?’ म्हणतात. त्यांना आमची विनंती: लगेच फोटो काढून परत फिरू नका. थोडं नदीच्या बाजूला चालत जा आणि पात्राची रुंदी बघा. हजारो घोडी, उंट, तोफा या पाण्यातून पलीकडे नेणं म्हणजे काय काम होतं, याचा अंदाज तिथेच येतो.

पिण्याचं पाणी आणि खाणं बरोबर न्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात काठाजवळ जाऊ नका.

१४. ओंकारेश्वर आणि रावेरखेडी एका दिवसात होईल का?

होईल, पहाटे निघालात तर. ओंकारेश्वराचा फाटा मोरटक्क्यालाच आहे. आधी रावेरखेडी करा आणि परतताना दर्शन घ्या. उलट केलंत तर दर्शनाच्या रांगेत दुपार होते आणि समाधीला धावतपळत जावं लागतं. श्रावणात आणि सोमवारी दोन्ही एकत्र धरू नका.

१५. मस्तानीच्या मुलाचं पुढे काय झालं? तिचे वंशज इंदुरात आहेत, हे खरं का?

मुलगा शमशेरबहादूर, जन्म १७३४ चा. त्याचं कृष्णराव हे नावही सांगितलं जातं. त्याची मुंज करायची बाजीरावांची इच्छा होती आणि ब्राह्मणांनी ती होऊ दिली नाही, अशी परंपरा आहे. आईबाप गेल्यावर तो पेशव्यांच्या घरीच वाढला. चित्रपट इथपर्यंत येत नाही, पण सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट यापुढची आहे. ज्या घराने आईला कोंडलं, त्याच घरासाठी तो १७६१ मध्ये पानिपतावर लढला, घायाळ होऊन भरतपूरच्या राज्यात पोचला आणि तिथे गेला. वय अवघं सव्वीस-सत्तावीस.

त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याचं राज्य उभारलं. कालिंजरच्या वेढ्यात १८०२ मध्ये तो वारला. याच घरातले बांद्याचे नवाब अलीबहादूर दुसरे १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उतरले. राज्य गेलं आणि इंग्रजांनी त्यांना तनखा देऊन इंदुरात आणून ठेवलं. म्हणजे बाजीराव-मस्तानीचं रक्त आपल्या शहरात आलं ते असं.

आज कोण कुठे राहतं, पत्ता काय, असं विचारणारे बरेच असतात. ते आम्ही सांगत नाही. ती कुणाची तरी घरं आहेत.

१६. मुलाला शाळेत बाजीरावांवर भाषण करायचं आहे. चित्रपटातले संवाद घेतले तर चालतील?

पाठ करायला सोपे आहेत आणि टाळ्याही पडतात, पण ते संवाद बाजीरावांचे म्हणून सांगू नका. घ्यायचेच असतील तर ‘चित्रपटात बाजीराव असे म्हणतात’ एवढं आधी म्हणावं. त्यापेक्षा छत्रसालांचा दोहा घ्या (प्रश्न ४), पालखेडला १७२८ मध्ये निजामाला पाणी तोडून कसं अडवलं ते सांगा आणि शेवट रावेरखेडीवर आणा. इंदूरच्या मुलाच्या तोंडी ते जास्त शोभेल.

१७. लहान मुलांना चित्रपट दाखवावा का?

यू/ए प्रमाणपत्र आहे आणि लांबी अडीच तासांहून जास्त. लढाया रक्ताच्या आहेत. दहा-अकरा वर्षांपुढची मुलं मोठ्यांबरोबर बसून पाहू शकतात. मुलं ‘मस्तानीला का कोंडलं?’ असं विचारतील, तेव्हा प्रश्न १० चं उत्तर आपल्या शब्दांत सांगा.

१८. पुण्यतिथीला जायचं असेल तर २८ एप्रिल धरायची की तिथी?

तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. २८ एप्रिल ही इंग्रजी तारीख. दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत, पण दर वर्षी पंचांगाप्रमाणे त्रयोदशी मागेपुढे होते. काही मंडळी तारखेने जातात, काही तिथीने; आमचा कुणालाच विरोध नाही. गटाने जाणार असाल तर आधी गावात कुणाला तरी विचारून घ्या, म्हणजे दोन गट एकाच वेळी येऊन अरुंद रस्त्यावर गाड्यांची कोंडी होत नाही. दोन्ही दिवस उन्हाळ्यातलेच, तेव्हा सकाळी दहाच्या आत तिथे पोचा आणि वयस्कर माणसांना टोपी, ओला रुमाल आणि लिंबू-साखर-मिठाचं पाणी दिल्याशिवाय गाडीतून उतरू देऊ नका.